ग्लोबल स्टडीज आणि डेटा सायन्स दोन्ही शिकतेय, मानवी हक्कांच्या कामात जायचंय: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवाय

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. मी मूळची बीड जिल्ह्यातली, सध्या पुण्यात शिकते. मेजर ग्लोबल स्टडीज, मायनर डेटा सायन्स, चार वर्षांची डिग्री आणि आता शेवटचं वर्ष सुरू झालंय. यावर्षी रिसर्च प्रोजेक्ट करावं लागतं, विषय ऑगस्टअखेर द्यायचाय.

हे दोन विषय एकत्र कशाला, असं मला सगळेच विचारतात. ग्लोबल स्टडीजच्या मॅडम म्हणतात कोडिंगमध्ये फार वेळ जातोय, डेटा सायन्सचे सर म्हणतात कर्ज कोण बुडवेल याचं मॉडेल कर, प्लेसमेंटला उपयोग होईल. पण माझ्या डोक्यात पहिल्यापासून मानवी हक्कांचं कामच आहे. आमच्या गावातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली अशा जायच्या आणि परत यायच्या तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची, काहींची तर लग्नंच झालेली असायची. मग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला उद्योग आणि मानवी हक्क असा एक पेपर होता, त्यात युनोची २०११ची गाइडिंग प्रिन्सिपल्स शिकलो, म्हणजे हक्कांचं रक्षण करणं सरकारचं काम, त्यांचा मान राखणं कंपनीचंही काम, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मागायला जागा पाहिजे. त्याच सुमारास, मार्च २०२४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टची महाराष्ट्रातल्या साखरेवरची मोठी बातमी आली. कोक-पेप्सीला जिथून साखर जाते तिथे उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं कर्ज, बालविवाह, गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रिया. त्यातलं मला काहीच नवीन नव्हतं, नवीन एवढंच की ही साखळी तिकडपर्यंत जाते आणि तिकडेही कुणालातरी जाब विचारता येतो. ते डोक्यातून जातच नाहीये.

तर माझी कल्पना अशी की ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी एक ॲप बनवायचं, मराठीत, त्यात त्यांनी तक्रार नोंदवायची, हिशेब दिला नाही, खाडा कापला, दवाखान्यात जाऊ दिलं नाही असं, आणि सगळं नकाशावर दिसेल, कुठल्या कारखान्याच्या हद्दीत किती तक्रारी. मग तो कारखाना कुणाला साखर विकतो ते जोडायचं. हे बरोबर वाटतंय का? अजून काय शिकायला हवं? आणि पुढे यात खरंच काम मिळतं का? आईबाबांना काय सांगू ते कळत नाहीये, मनापासून उत्तरं द्या प्लीज.

नेदरलँडवासी

ओंजळ, तुझी पोस्ट वाचून फार बरं वाटलं. मी हेगजवळ राहते, माझं काम याच भागातलं आहे, फोटो-व्हिडिओ तपासायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वेरफल्ली नावाच्या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. बेनगाझीच्या आसपास ७ वेगवेगळ्या प्रसंगांत ३३ जणांना ठार मारल्याचा आरोप. आणि त्या वॉरंटचा मोठा आधार म्हणजे सोशल मीडियावर टाकलेले व्हिडिओ! एवढ्या प्रमाणात सोशल मीडियावर उभं राहिलेलं त्या कोर्टाचं ते पहिलं वॉरंट मानतात. तो माणूस कोर्टासमोर कधीच आला नाही, २०२१ मध्ये बेनगाझीत त्याची हत्या झाली. पण त्या वॉरंटमुळे आमच्या क्षेत्रातला प्रत्येक माणूस एका प्रश्नाशी आला: हा व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढला, मधे कुणी बदलला का, आणि हे मी अनोळखी न्यायाधीशाला कसं दाखवून देणार. मागची टेकडी, इमारतीचा रंग, सावलीची लांबी, सॅटेलाइट इमेज, यावरून जागा आणि वेळ शोधतात. यात कोडिंग थोडंच लागतं, चिकाटी खूप लागते, आणि त्या देशाची भाषा, राजकारण, गणवेश, गाड्यांच्या नंबरप्लेटा माहीत असाव्या लागतात. म्हणजे तुझे दोन्ही विषय.

बर्कलीच्या विद्यापीठात २०१६ पासून विद्यार्थ्यांची एक इन्व्हेस्टिगेशन्स लॅब आहे, कायदा, कॉम्प्युटर, ग्लोबल स्टडीज, पत्रकारिता सगळीकडची मुलं एकत्र बसून हेच करतात. ती लॅब जिथे आहे त्या ह्यूमन राइट्स सेंटरने युनोच्या मानवाधिकार कार्यालयाबरोबर २०२० मध्ये बर्कली प्रोटोकॉल काढला, इंटरनेटवरचा पुरावा कसा शोधायचा, कसा जपायचा, कसा तपासायचा, स्वतःला आणि साक्षीदाराला कसं सुरक्षित ठेवायचं. नेटवर फुकट आहे, आजच उतरवून घे आणि सावकाश वाच.

आता ॲपबद्दल. मी तुला एकच विचारते: त्या तक्रारी जमल्या की तू त्या नेऊन कुणासमोर ठेवणार? कामगार अधिकारी? हायकोर्ट? कारखाना? साखर विकत घेणारी परदेशी कंपनी? प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. हे ठरल्याशिवाय ॲपचा पहिला स्क्रीनसुद्धा काढू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने सीरियातले लाखो व्हिडिओ उडवले, कार्यकर्त्यांनी जीव धोक्यात घालून काढलेले. सीरियन आर्काइव्हच्या लोकांनी त्यातले बरेच आधीच उतरवून, जपून ठेवले होते म्हणून ते वाचले. या कामात जपणूक आधी येते.

केजकर

ताई मी केज तालुक्यातला. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, मी हंगामी वसतिगृहात आणि आजीकडं राहून शिकलो, आता इकडंच नोकरी करतो. तुमची तळमळ खरी आहे म्हणून खरंखरं सांगतो, राग मानू नका.

ॲप कोण वापरणार? फडात माझ्या आईजवळ फोन नव्हता, आजही बऱ्याच घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या हातात. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, लाईट नसती, चार्जिंगला फोन दुकानात नाहीतर मालकाच्या घरी ठेवायचा. म्हणजे बाईनं तक्रार लिहिलेला फोन रात्रभर दुसऱ्याच्या घरी. मुकादमाला कळायला किती वेळ लागतो? आणि मुकादम म्हणजे कोण, तर गावातलाच, बऱ्याचदा नात्यातला, कधी तर तो स्वतःच कारखान्याच्या उचलीत अडकलेला. नकाशावर टिंब दिसलं तर त्या हद्दीत त्या दिवशी कुठली टोळी होती हे त्याला बोटावर सांगता येतं, नाव लपवून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मला फार लागते. हिशेब कोयत्यावर असतो. कोयता म्हणजे नवराबायको दोघं मिळून एक. उचल घेताना अंगठा किंवा सही नवऱ्याची. वही मुकादमाजवळ. गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली की वजनाची पावती निघती, तिच्यावर गाडीचा नंबर, वजन, कुणाच्या शेतातला ऊस ते. आता सांगा, पहाटे अंधारात उठून भाकरी करून, दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन गाडीत चढवणाऱ्या बाईचं नाव या सगळ्यात कुठं आहे? कुठंच नाही. एक दिवस आजारी पडली तर खाडा मात्र कापला जातो. तिनं ऊस तोडला हेच कुठं लिहिलेलं नाही तर पुढची तक्रार कशी सिद्ध होणार?

२०१९ ला गर्भाशयाचा विषय निघाला, सरकारनं समिती नेमली, बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त बायकांना विचारलं त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी मावशी त्यातली एक. तिच्याकडं कागद म्हणून एक दवाखान्याचं बिल होतं, ते पण पावसात गेलं. तुम्ही कागद जपायचं काहीतरी करा ताई, ॲप राहू द्या.

ओंजळ

केजकर दादा, राग कशाचा, उलट तुम्ही लिहिलंत म्हणून मी कालपासून फक्त त्याचाच विचार करतेय. बाईचं नाव कुठंच नाही हे मी रोज बघून मोठी झालेय पण असं कधी मांडलं नव्हतं. प्रोजेक्टचा प्रश्न हाच करता येईल का: एका हंगामात तिच्या कामाची नोंद कुठे कुठे व्हायला हवी होती आणि कुठे झाली? नेदरलँडवासी ताई, तुमचा कुणासमोर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

पण मला पावत्या आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले तर ते पुरावा म्हणून चालतात का? कुणी वकील आहे का इथे?

काळाकोट

आहे. जिल्हा कोर्टात आणि औरंगाबाद खंडपीठात प्रॅक्टिस करते.

फोटो चालतात, पण नुसते नाही. याच्यावरचा देशातला महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याचा आहे, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. २०१४च्या विधानसभेला एका उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर घेतला असा आरोप होता आणि पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रश्न असा की त्याची कॉपी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राशिवाय वाचता येईल का. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र पाहिजेच. पण त्याच निकालात हेही आहे की पक्षकाराने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि अधिकाऱ्यांनीच दिलं नाही तर त्याचा दोष पक्षकाराच्या माथी मारता येत नाही. हे दुसरं वाक्य गरीब माणसाच्या फार कामाचं आहे, म्हणून कागद मागितल्याची पोच नेहमी जपायची, कागद नाही मिळाला तरी!

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा बदलला, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ बघायचं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याला जोडलेला आहे, त्यात भाग अ आणि भाग ब, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा, एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. हे तुला डेटा सायन्सवाल्यांनी शिकवलंच असेल. आमच्या कोर्टात हे नीट करून देणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तू पावतीचा फोटो घेतलास त्याच दिवशी हॅश काढून, कुणाच्या फोनवर, कुठे, कुणासमोर घेतला हे लिहून ठेवलंस तर उद्या ते वापरणाऱ्या वकिलाचं अर्धं काम झालं.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख, जागा वगैरे माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. त्याहून चांगलं म्हणजे मूळ फोनमधला फोटो डिलीट करू नका हे आधी सांग, लोक जागा नाही म्हणून उडवतात.

मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतलीय, त्याचे आदेश कोर्टाच्या साइटवर शोधून सगळे वाच. तुझ्या कुणासमोर या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे.

सह्याद्रीबाबा

मी ओंजळच्या आईबाबांच्या बाजूने बोलतो कारण माझी मुलगी पण याच वयाची आहे. काम चांगलं आहे यात वादच नाही. पण पगार? सुरक्षा? २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला, एका संस्थेने दुसरीला पैसे द्यायला बंदी, ऑफिस खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर, त्याच वर्षी ॲम्नेस्टीने भारतातलं काम थांबवलं. लहान संस्था तर कितीतरी अडचणीत आल्या. मुलीने एवढं शिकून वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर राहायचं का? हे कुणीतरी प्रामाणिकपणे सांगा, नुसतं प्रोत्साहन नको.

आकडेमोड

सह्याद्रीबाबा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याच्यावर येतोच. मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. आधी ओंजळला एक खरी गोष्ट सांगायचीय.

१९९९ मध्ये कोसोव्होतून लाखो अल्बेनियन लोक सीमा ओलांडून पळाले. का पळाले? सर्बियाचं म्हणणं नाटोच्या बॉम्बमुळे आणि बंडखोरांमुळे. अल्बेनियाच्या सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी येणाऱ्या कुटुंबांची हाताने नोंद ठेवली होती, साध्या रजिस्टरमध्ये. पॅट्रिक बॉल नावाचा एक अमेरिकन ती रजिस्टरं मिळवून बसला, कुठल्या गावातून कुठल्या दिवशी किती लोक निघाले याचा आलेख काढला आणि तो बॉम्बहल्ल्यांच्या आणि बंडखोरांच्या कारवायांच्या तारखांशी ताडून बघितला. लोकांच्या लाटा त्या तारखांशी जुळेनात. हेगमध्ये २००२ साली युगोस्लाव्हियाचा माजी अध्यक्ष मिलोसेविच याच्या खटल्यात त्याने हे मांडलं आणि मिलोसेविच स्वतः स्वतःचा वकील होता, त्याने स्वतः उलटतपासणी घेतली! २०१३ मध्ये ग्वाटेमालात रिओस माँट या माजी हुकूमशहाच्या खटल्यातही बॉलने साक्ष दिली, इशिल भागात १९८२-८३ मध्ये आदिवासींच्या मृत्यूचं प्रमाण त्याच भागातल्या बिगरआदिवासींच्या कितीतरी पट होतं हे दाखवलं. शिक्षा झाली, दहा दिवसांत वरच्या कोर्टाने ती रद्द केली तो भाग वेगळा, पण ते आकडे कोर्टाच्या रेकॉर्डवर आहेत.

हा बॉल मूळचा समाजशास्त्राचा. टोरांटोची सिटिझन लॅब, पेगासस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जगात ज्यांनी सगळ्यात जास्त काम केलं, ती २००१ मध्ये काढणारा रॉन डीबर्ट राज्यशास्त्राचा. त्यामुळे दोन विषय कशाला असं विचारणाऱ्यांना ओंजळने हीच दोन नावं सांगावीत.

आणि त्या सीमेवरच्या रजिस्टरची गंमत बघा, ते लिहिताना कुणाच्या मनात खटला नव्हता. केजकरांची काटापावती त्याच जातीची आहे. पावतीवर बाईचं नाव नाही हे खरं, पण गाडी, वजन, तारीख आहे. एका टोळीत किती कोयते, हे टोळीतल्याच पाच-सहा बायकांकडून वेगवेगळं विचारून ताडता येतं. मग एका कोयत्याने किती टन तोडले याचा अंदाज, आणि त्यातून एका बाईने. अंदाजाची खालची-वरची मर्यादा लिहायची, उगाच एक आकडा ठोकून द्यायचा नाही. आणि किती तक्रारी आल्या त्यावरून कुठे अन्याय जास्त असं कधीही म्हणू नकोस ओंजळ, जिथे बोलायची मुभा आहे तिथूनच तक्रारी जास्त येतात, सगळ्यात वाईट जागा नकाशावर कोरी दिसते. तुझ्या पहिल्या कल्पनेतला हा धोका मला फार मोठा वाटतो.

नोकरीबद्दल: संस्थांमध्येच जायला हवं असं नाही. डेटा पत्रकारिता आहे, संशोधन संस्था आहेत, कंपन्यांना आता पुरवठा साखळी तपासणारी माणसं लागतात. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर तसा कायदाच आहे, युरोपियन युनियनने २०२४ मध्ये केला, त्याची अंमलबजावणी २०२५ मध्ये पुढे ढकलली आणि तो पातळ करायचंही ठरलं पण दिशा ती आहे. पगार आयटीइतका सुरुवातीला मिळणार नाही हे मात्र खरं.

नकाशेवाला

मी रिमोट सेन्सिंगमधला, गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करायचं काम करतो.

ओंजळ, सॅटेलाइटचं आकर्षण तुला पण असेल. युरोपचा सेंटिनेल-२ फुकट आहे, १० मीटरचा पिक्सेल, साधारण ५ दिवसांनी तीच जागा परत दिसते. ऊस उभा आहे की तोडला हे त्यात छान कळतं, त्यामुळे कुठला पट्टा कुठल्या आठवड्यात तुटला ते तुला पुण्यात बसून काढता येईल आणि पावत्यांच्या तारखांशी ताडता येईल. पण रिकामा फड दिसतो, तोडणारी माणसं दिसत नाहीत. कोप्या १० मीटरच्या चित्रात ओळखता येणार नाहीत.

आमच्याकडे याच्यावर कायद्यातच उत्तर आहे आणि ते मला फार शहाणं वाटतं. वनहक्क कायदा २००६चा, त्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाची चित्रं बाकीच्या पुराव्याला पूरक, त्याच्या जागी नाहीत. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदन हा कायद्याने मान्य पुरावा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. आम्ही शिवेवरून चालतो तेव्हा पुढे म्हातारी माणसं, शेजारच्या गावची पण दोघं-चौघं, आणि मागे जीपीएस घेऊन आम्ही. दाट जंगलात जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं, आजी मात्र नाला, मोहाचं झाड, देवाचा दगड बरोबर दाखवते आणि शेजारच्या गावचा माणूस मान हलवतो. त्यावर अधिकारी सहसा वाद घालत नाहीत.

म्हणून बायकांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत, तारखेनिशी, दोन साक्षीदारांसमोर नोंदव. तोच तुझा मुख्य पुरावा, बाकी सगळं त्याला टेकू. फॉर्म लागला तर कोबो टूलबॉक्स फुकट आहे, नेटवर्क नसताना चालतं, मराठीत फॉर्म होतो. नवीन ॲप लिहायची काही गरज नाही. आणि फोनवर बोलूनच नोंद करायची असेल तर छत्तीसगडमधल्या सीजीनेट स्वराचं काम बघ, साध्या बटणाच्या फोनवरून लोक गोंडीत आपली गोष्ट सांगायचे. राजस्थानात आजीविका ब्युरोची कामगारांसाठी फोन हेल्पलाइन आहे, मजुरी बुडाली की फोन, आणि पलीकडे माणूस आहे जो मालकाशी बोलतो.

पालघरची

फार सुंदर चर्चा चाललीय. एक भर घालते. आमच्या पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर श्रेया सिंघल नावाच्या एका विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि मार्च २०१५ मध्ये ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. पण पोलीस पुढेही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले! हे सिद्ध कसं झालं माहितीय? इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि सिव्हिकडेटालॅबने जिल्हा कोर्टांच्या वेबसाइटवरचा सार्वजनिक डेटा गोळा करून मोजलं, २०२१ मध्ये ११ राज्यांत मिळून ७४५ खटले चालूच होते. तो आकडा पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सुप्रीम कोर्टापुढे ठेवला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

ओंजळ, मला हे उदाहरण यासाठी सांगावंसं वाटतं की यात एकाही पीडित माणसाकडे जाऊन माहिती मागावी लागली नाही. सरकारचेच कागद. तुझ्याकडे पण आहेत: साखर आयुक्तालय पुण्यातच आहे, शिवाजीनगरला साखर संकुल, गाळपाचे अहवाल तिथे मिळतात. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ओळखपत्र द्यायचा शासन निर्णय २०२१ मध्ये झालाय. तुझ्या तालुक्यात किती ओळखपत्रं दिली आणि त्यात बायका किती, माहितीच्या अधिकारात अर्ज कर. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणजे आजच टाक.

नेदरलँडवासी

पालघरची, अगदी हेच. आणि ओंजळ, नावं साठवायच्या आधी थांब. जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने उघड केलं की बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती, ८ लाखांहून जास्त लोकांची, नावं, फोटो, अंगठे, ती बांगलादेश सरकारने म्यानमारला दिली. ज्या सरकारपासून पळाले त्याच सरकारला! युनोच्या निर्वासित संस्थेचं म्हणणं होतं की संमती घेतली होती, निर्वासितांतले बरेच जण म्हणाले आम्हाला हे कुणी विचारलंच नाही, कार्डासाठी अंगठा देतोय असं वाटलं. संमती म्हणजे फॉर्मवर अंगठा नव्हे. ही माहिती कुणाकडे जाईल, तुझ्यावर काय बेतू शकतं, आणि हंगाम संपेपर्यंत कधीही नको म्हणालीस तर मी ती खोडेन, हे तिला तिच्या भाषेत समजलं पाहिजे. नावांची यादी आणि निवेदनं वेगवेगळी ठेव, नावांची यादी कॉलेजच्या ड्राइव्हवर नको.

स्वतःलाही जप. आम्ही वाईट दृश्यं बघताना आवाज बंद ठेवतो, खिडकी लहान करतो, रात्री आणि एकटं बघत नाही. तुझ्या कामात व्हिडिओ नसतील पण त्या बायका जे सांगतील ते तुझ्या वर्गातल्या मुलींबद्दल असेल. आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायचंच हे आधी ठरव.

सह्याद्रीबाबा, मी पण पहिली काही वर्षं लहान कॉन्ट्रॅक्टवर काढली, सोपं नव्हतं. आता ठीक आहे. ज्यांच्या हातात एक पक्कं कौशल्य आहे, पुरावा तपासणं, आकडे, नकाशे, कायदा, यातलं काहीही एक, त्यांना काम मिळत राहतं. नुसत्या तळमळीवर नाही मिळत, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

सह्याद्रीबाबा

धन्यवाद ताई. मुलीला हा धागा वाचायला देतो.

ओंजळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. आज गाइड मॅडमना भेटले, प्रोजेक्ट असं ठरतंय. ॲप नाही. एक तालुका, एक हंगाम. पहिला भाग सरकारी आणि सार्वजनिक कागदांचा: ओळखपत्रांचा माहिती अधिकार अर्ज काल टाकला, गाळपाचे अहवाल, बोनसुक्रोची, म्हणजे ऊस-साखरेला प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, सर्टिफाइड कारखान्यांची यादी, कंपन्या स्वतः जाहीर करतात ते पुरवठादार. दुसरा भाग काटापावत्या आणि सेंटिनेलच्या तारखा ताडून कोयत्यामागे टनाचा अंदाज, आकडेमोड सरांनी सांगितलं तसं मर्यादांसकट. तिसरा आणि मुख्य भाग बायकांची निवेदनं, ती हंगामात फडावर जाऊन घ्यायची नाहीत, गावी असतानाच घ्यायची. डेटाचे सर पण गाइड व्हायला तयार झालेत, हॅश आणि साठवणुकीचं ते बघणार.

कुणासमोर ठेवायचं ते: बोनसुक्रोकडे तक्रार करायची पद्धत आहे, तिथे एक. हायकोर्टातल्या प्रकरणात कुणी वकील वापरणार असतील तर तिथे, पण बायका हो म्हणाल्या तरच. आणि गावात, ग्रामसभेत, कारण ओळखपत्राचं काम तिथूनच व्हायचंय.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले पावत्या लागत असतील तर गावातल्या दोघा-तिघांकडे जुन्या पडलेल्या असतील, विचारतो. एवढं म्हणाले हे मला खूप आहे.

काळाकोट

निवेदनाचा मसुदा आधी मला दाखव, फी नाही. प्रश्न असे नकोत की उत्तर प्रश्नातच आहे. 'मुकादमाने त्रास दिला का' असं विचारायचं नाही, 'त्या दिवशी काय झालं' असं विचारायचं.

केजकर

ताई, टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, उचल त्याच्या आधीच घेतलेली असती. तुम्ही गौरी-गणपतीला गावी येणारच असाल तर त्याच वेळी केजला या, बायका घरी असतात आणि पुरुष मुकादमाकडं हिशेबाला गेलेले असतात. माझी आई आणि मावशी दोघी बोलायला तयार आहेत, मी विचारलं. मावशी म्हणाली आधी तिलाच विचारा. दुपारी दोननंतर या, सकाळी शेतात असतात. पत्ता मेसेजमध्ये पाठवतो, इथं टाकत नाही.